अनोळखी अस्थींचे गाव कोणते?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कधीकधी पोलीस ठाण्याचे एक छोटे निवेदन छापलेले असते. अनोळखी इसमाचा मृतदेह अमुक ठिकाणी मिळाला. वय अंदाजे ३५ ते ४०, उंची इतकी, बांधा मध्यम, अंगात निळा शर्ट. नातेवाइकांनी संपर्क साधावा. आपण पान उलटतो. पण त्याच वेळी कुठेतरी एखादे घर कित्येक महिने किंवा वर्षे कुणाची तरी वाट पाहत असते, आणि बहुधा त्या घरापर्यंत हे वर्तमानपत्र पोहोचतच नाही.

मृतदेह लवकर सापडला तर चेहरा, कपडे, गोंदण, बोटांचे ठसे यांवरून ओळख पटू शकते. पण पावसाळा उलटून गेल्यावर रानात नुसत्या अस्थी सापडल्या, किंवा समुद्राने बऱ्याच दिवसांनी अवशेष किनाऱ्याला लावले, तर यातले काहीच हाती राहत नाही. अस्थितज्ज्ञ हाडांवरून स्त्री की पुरुष, वय आणि उंची यांचा अंदाज देतो. डीएनए चाचणी त्याही पुढे जाते. पण तिची एक अट असते. तुलना करण्यासाठी आई-वडील, भावंड किंवा मूल समोर असावे लागते. ही व्यक्ती कुठली हेच ठाऊक नसेल, तर रक्ताचा नमुना द्यायला बोलवायचे कुणाला? देशभरातल्या हरवलेल्या माणसांच्या यादीत शोध सुरू कुठून करायचा?

या ठिकाणी समस्थानिकांची चाचणी उपयोगी पडते. ती व्यक्तीचे नाव सांगत नाही. ती व्यक्ती कोणत्या प्रकारच्या प्रदेशात वाढली, काय खात होती आणि अलीकडे तिने जागा बदलली होती का, एवढेच ती सांगते. म्हणजे ती शोधाचे क्षेत्र लहान करते. हे कसे घडते ते समजायला शाळेतले रसायनशास्त्र आणि भूगोल जवळजवळ पुरेसे आहेत. म्हणूनच हा विषय शिक्षकांपुढे मांडावासा वाटतो.

एकच मूलद्रव्य, वेगवेगळी वजने

एखाद्या मूलद्रव्याच्या सर्व अणूंत प्रोटॉनांची संख्या सारखीच असते, पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असू शकते. अशा अणूंना आपण समस्थानिक म्हणतो. कार्बनच्या दर १०० अणूंपैकी जवळजवळ ९९ अणू कार्बन-१२ चे आणि एक कार्बन-१३ चा असतो. नायट्रोजन-१४ च्या जोडीला थोडासा नायट्रोजन-१५ असतो, आणि ऑक्सिजन-१६ च्या जोडीला ऑक्सिजन-१८. हे सगळे स्थिर समस्थानिक आहेत. म्हणजे ते किरणोत्सर्गी नाहीत आणि काळाबरोबर नष्ट होत नाहीत.

रासायनिकदृष्ट्या ही भावंडे सारखीच वागतात, पण अगदी तंतोतंत नव्हे. जड अणू असलेला रेणू किंचित सुस्त असतो. तो सावकाश बाष्प होतो, लवकर सांद्रित होतो, आणि काही अभिक्रियांत मागे पडतो. त्यामुळे निसर्गात ठिकठिकाणी जड आणि हलक्या समस्थानिकांचे प्रमाण थोडे थोडे बदलते. हा फरक फार थोडा असतो. म्हणून एका ठरलेल्या प्रमाण-नमुन्याच्या तुलनेत तो ‘दर हजारी’ मोजतात. ऑक्सिजनसाठी समुद्राचे पाणी आणि नायट्रोजनसाठी हवा हे प्रमाण मानले आहे. एखाद्या नमुन्याचे मूल्य उणे २७ आहे याचा अर्थ असा, की त्यातील जड समस्थानिकाचे प्रमाण प्रमाण-नमुन्यापेक्षा दर हजारी २७ ने कमी आहे.

इतका सूक्ष्म फरक मोजण्याचे काम मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र करते. नमुन्याचे वायूत रूपांतर करतात, त्याच्या रेणूंना विद्युतभार देतात आणि चुंबकीय क्षेत्रातून त्यांना वळवतात. घाटातल्या वळणावर भरलेला ट्रक जसा मोठा वळसा घेतो, तसे जड आयन मोठ्या त्रिज्येने वळतात आणि हलके लहान त्रिज्येने. दोन्ही वेगवेगळ्या जागी पोहोचले, की त्यांची मोजणी करता येते.

भात, भाकरी आणि मासळी

आधी अन्नाकडे पाहू. वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, पण सगळ्या एकाच पद्धतीने नव्हे. भात, गहू, कडधान्ये, नारळ, आंबा, बहुतेक भाज्या यांच्या प्रकाशसंश्लेषणात पहिला स्थिर पदार्थ तीन कार्बन अणूंचा बनतो. यांना सी-३ वनस्पती म्हणतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि ऊस यांच्यात तो चार कार्बन अणूंचा असतो. या सी-४ वनस्पती. पहिला गट कार्बन-१३ ला बराच टाळतो. त्याचे मूल्य सरासरीने उणे २७ च्या आसपास असते. दुसरा गट कमी टाळतो. त्याचे मूल्य उणे १२ च्या आसपास.

आपण जे खातो त्यातूनच आपले शरीर घडते. हाडातील कोलॅजेन या प्रथिनात अन्नाचे मूल्य साधारण ५ ने वाढून उतरते. म्हणजे केवळ सी-३ अन्नावर वाढलेल्या माणसाच्या कोलॅजेनचे मूल्य उणे २२ च्या जवळ, आणि केवळ सी-४ अन्नावर वाढलेल्याचे उणे ७ च्या जवळ येईल. उणे १४.५ आले तर साधारण अर्धे-अर्धे. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा भेद फार सोयीचा आहे. सोलापूरकडची ज्वारीची भाकरी आणि तळकोकणातला भात यांचा कार्बनच वेगळा!

पण इथे एक मेख आहे. समुद्री मासळीतही कार्बन-१३ जास्त असतो. त्यातून कोलॅजेनमध्ये मुख्यतः अन्नातील प्रथिनांचा कार्बन उतरतो. मालवणच्या माणसाच्या ताटात भाताचा ढीग मोठा आणि बांगड्याचा तुकडा लहान दिसला, तरी हाडाच्या हिशेबात त्या तुकड्याचे वजन जास्त धरले जाते. त्यामुळे रोज मासळी खाणारा किनाऱ्यावरचा माणूस आणि भात-गव्हाबरोबर ज्वारी खाणारा देशावरचा माणूस यांची कार्बनची मूल्ये जवळजवळ सारखी येऊ शकतात. नुसत्या कार्बनवर विसंबलो तर फसगत होईल.

इथे नायट्रोजन उपयोगी पडतो. अन्नसाखळीत एक पायरी वर चढले, की नायट्रोजन-१५ चे प्रमाण दर हजारी ३ ते ५ ने वाढते. गवतापेक्षा गाय वर, गाईपेक्षा वाघ वर. समुद्रातली अन्नसाखळी लांब असते: सूक्ष्म शैवाल, त्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी, लहान मासा, मोठा मासा, आणि मग माणूस. म्हणून नित्य मासळी खाणाऱ्याचा नायट्रोजन धान्य-डाळींवर जगणाऱ्यापेक्षा ठळकपणे जड असतो. कार्बन आणि नायट्रोजन एकाच आलेखावर मांडले, की भाकरीवाला आणि मासळीवाला वेगळे होतात.

पावसाची खूण

आता पाण्याकडे वळू. समुद्राचे पाणी बाष्प होताना हलके रेणू आधी निघतात. ढग जमिनीवर येऊन बरसू लागला, की जड रेणू आधी खाली पडतात आणि ढगात हलके अधिक उरतात. त्यामुळे ढग जितका आत जाईल आणि जितका उंच चढेल, तितका त्याचा पाऊस ऑक्सिजन-१८ च्या दृष्टीने हलका होत जातो. अरबी समुद्रावरून थेट आलेला कोकण किनाऱ्याचा पाऊस तुलनेने जड असतो. हिमालयातल्या उंच गावांचे पाणी त्याहून बरेच हलके असते. विहिरी, झरे आणि नद्या त्या त्या भागाच्या पावसाची सरासरी खूण सांभाळतात. पिण्याच्या पाण्यातून ती शरीरातल्या पाण्यात येते, आणि तिथून दातांत, हाडांत व केसांत.

पिंगुळीचा दगड आणि पंढरपूरचा दगड

तिसरी खूण दगडाची, आणि सिंधुदुर्गाच्या वाचकांना ती सर्वांत जवळची वाटेल. स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य आवर्तसारणीत कॅल्शियमच्या खाली आहे. रासायनिक वागणूक सारखी, म्हणून ते खडकातून मातीत, मातीतून पिकात आणि पिकातून आपल्या दाता-हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते. त्याच्या चार स्थिर समस्थानिकांपैकी स्ट्रॉन्शियम-८७ चे प्रमाण खडकागणिक बदलते, कारण किरणोत्सर्गी रुबिडियम-८७ चा ऱ्हास होऊन ते सतत तयार होत असते. रुबिडियम-८७ चे अर्धायुष्य सुमारे ४,९६० कोटी वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या जवळजवळ अकरापट. म्हणून खडक जितका जुना आणि मुळात जितका रुबिडियमयुक्त, तितके त्यातील स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचे गुणोत्तर मोठे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचा आहे. हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात तरुण, आणि रुबिडियमही त्यात कमीच. त्याचे गुणोत्तर बहुतेक ठिकाणी ०.७०४ ते ०.७०८ च्या दरम्यान सापडते. आता चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या पिंगुळीत उभे राहून पूर्वेला पाहा. दूर दिसणारा सह्याद्रीचा कडा बेसॉल्टचा आहे. पण कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले या सखल पट्ट्यात जांभ्याच्या थराखाली पट्टिताश्म, ग्रॅनाइट, शिस्ट असे अब्जाहून अधिक वर्षांचे खडक आहेत. अशा जुन्या, ग्रॅनाइटी खडकांचे गुणोत्तर ०.७१ च्या बरेच वर जाऊ शकते. यंत्र तर पाचव्या दशांश स्थळापर्यंतचा फरक दाखवते. म्हणजे पंढरपूरच्या शेतातली ज्वारी आणि पिंगुळीच्या मळ्यातला भात यांत दोन वेगळ्या खडकांच्या खुणा असतात.

किनाऱ्यावर मात्र जपून बोलावे लागते. समुद्राच्या पाण्याचे गुणोत्तर जगभर ०.७०९२ आहे. लाटांचे तुषार आणि पाऊस यांतून ते किनाऱ्यालगतच्या मातीत मिसळते आणि खडकाची खूण पुसट करते. मालवणच्या दांड्यावरच्या नारळाच्या खुणेत समुद्राचा वाटा मोठा असेल, पिंगुळीच्या भातात खडकाचा.

दाढ, हाड आणि केस

या खुणा शरीरात कुठे आणि कधी नोंदल्या जातात? दातावरचे एनॅमल एकदा तयार झाले, की पुन्हा बदलत नाही. पहिली कायमची दाढ तोंडात दिसते सहाव्या वर्षी, पण तिचे एनॅमल जन्माच्या सुमारास बनू लागते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास पुरे होते. दुसऱ्या दाढेचे साधारण तीन ते आठ या वयात, आणि अक्कलदाढेचे आठ-नऊपासून पौगंडावस्थेपर्यंत. म्हणजे तीन दाढा हातात असल्या, तर बालपणाचे तीन टप्पे वाचता येतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते. पहिल्या दाढेच्या काळात मूल अंगावर पीत असते, आणि आईचे दूध पिण्याच्या पाण्यापेक्षा किंचित जड असते. त्याची वजावट करावी लागते.

हाडाचे तसे नाही. ते आयुष्यभर झिजत आणि नव्याने भरत असते. मांडीच्या हाडात शेवटच्या दहा वर्षांची, बऱ्याचदा त्याहून अधिक काळाची सरासरी असते. बरगडीत त्यामानाने अलीकडच्या वर्षांची. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. एकदा वाढलेला केस बदलत नाही, म्हणून वीतभर केस म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सुमारे दीड-दोन वर्षांची रोजनिशी.

समजा, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर काही मानवी अवशेष मिळाले. अक्कलदाढेचा ऑक्सिजन कोकणच्या मानाने खूपच हलका आहे, मांडीच्या हाडातील कार्बन-नायट्रोजन धान्याहार दाखवतात, पण केसांच्या मुळाजवळच्या दोन-तीन सेंटिमीटरांत नायट्रोजन एकदम जड झाला आहे. याचा सरळ अर्थ असा, की ही व्यक्ती थंड, उंच प्रदेशात वाढली आणि अखेरचे दोन-तीन महिने मासळी भरपूर मिळेल अशा ठिकाणी राहिली. कोकणातल्या आंबाबागांत आणि मच्छीमार बोटींवर नेपाळहून आलेले लोक वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. अशा वेळी तपास कुडाळ-मालवणच्या हरवलेल्या माणसांच्या यादीत अडकून न राहता बोटमालकांकडे आणि नेपाळमधल्या कुटुंबांकडे वळू शकेल. आणि मग कुणा आईच्या डीएनएशी तुलना करण्याची वेळ येईल. हे उदाहरण कल्पित आहे. पण त्यातला प्रत्येक दुवा प्रयोगशाळेत तपासता येण्याजोगा आहे.

आपल्या देशातील दोन शोध

२०१४ साली पंजाबात अमृतसरजवळच्या अजनाला गावी एका जुन्या विहिरीतून मोठ्या संख्येने मानवी अस्थी निघाल्या. त्या कुणाच्या याबद्दल दोन मते होती. एका मताप्रमाणे त्या १९४७ च्या फाळणीतील बळींच्या. दुसऱ्या मताप्रमाणे १८५७ च्या उठावातील २६ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या शिपायांच्या. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतून निघालेल्या या शिपायांपैकी २८२ जण ऑगस्ट १८५७ मध्ये अजनाला येथे मारले गेल्याचा वृत्तान्त अमृतसरचा तेव्हाचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने स्वतःच पुस्तकात लिहून ठेवला होता. पंजाब विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ येथील संशोधकांनी ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ नमुन्यांतील ऑक्सिजनचे समस्थानिक तपासले. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ही माणसे पंजाबात वाढलेली नव्हती. त्यांच्या खुणा गंगेच्या खोऱ्यातील पूर्वेकडच्या प्रदेशाशी जुळत होत्या. त्या पलटणीतील भरती त्याच भागातली होती. शिपायांची वैयक्तिक नावे यातून कळली नाहीत. पण दीडशेहून अधिक वर्षांनी त्यांचा मुलूख कळला, आणि दोन मतांपैकी एक गळून पडले.

दुसरा शोध उत्तराखंडातील रूपकुंडाचा. समुद्रसपाटीपासून ५,००० मीटरहून उंच असलेल्या या छोट्या तळ्याच्या काठी शेकडो माणसांच्या अस्थी विखुरलेल्या आहेत. सगळे एकाच वादळात सापडून मेले, अशी समजूत बराच काळ होती. २०१९ साली अनेक देशांतील संस्थांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील अस्थितज्ज्ञ वीणा मुश्रीफ-त्रिपाठी याही त्यात सहभागी होत्या. ३८ व्यक्तींच्या डीएनएवरून तीन गट निघाले: २३ जण दक्षिण आशियाई, १४ जण भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातील वंशाचे, आणि एक आग्नेय आशियाई. रेडिओकार्बन कालमापनाने पहिला गट इ. स. ८०० च्या आगेमागे, तोही एकाच वेळी नव्हे, आणि दुसरा गट सुमारे १८०० सालचा ठरला. म्हणजे मधे हजार वर्षे!

पण डीएनए पूर्वजांबद्दल बोलतो. या चौदा जणांचे पूर्वज भूमध्य समुद्राकडचे, हे खरे. पण ते स्वतः पिढ्यानपिढ्या भारतात राहत असले तर? हा प्रश्न आहाराच्या समस्थानिकांना विचारता येतो. दक्षिण आशियाई गटात आहाराचे वैविध्य दिसले. काहींच्या अन्नात ज्वारी-बाजरीसारख्या सी-४ धान्यांचा वाटा बराच होता. चौदा जणांच्या गटात तो जवळजवळ नव्हता आणि सगळ्यांचा आहार सारखा, सी-३ धान्यांचा होता. हे ते बाहेरून आल्याच्या कल्पनेशी सुसंगत आहे. ते तिथे का आले, हा प्रश्न मात्र उरलाच.

दोन्ही चाचण्यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावून द्यावा असा आहे. डीएनए रक्ताचे नाते सांगतो, समस्थानिक जगलेले आयुष्य सांगतात. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या भग्नावशेषांत मिळालेले हाड १६२४ साली शिराझ येथे मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीचे असावे, हा निष्कर्ष डीएनएच्या जोरावर काढला गेला. त्यातला मातृवंशीय गट भारतातील बावीस हजारांहून अधिक लोकांत आढळला नव्हता, पण जॉर्जियात आढळला. २०२१ साली भारताने ते अवशेष जॉर्जियाला सुपूर्त केले. तिथे जुन्या कागदपत्रांनी कुणाला शोधायचे ते आधीच सांगितले होते. असा धागा जिथे नसतो, तिथे समस्थानिकांची खरी गरज.

जिथे नाव मिळाले, आणि जिथे नाही

गुन्ह्याच्या तपासातही ही पद्धत वापरली गेली आहे. सन २००० मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेकजवळ एका तरुण स्त्रीचे अवशेष मिळाले. तिच्या केसांतील ऑक्सिजनवरून मृत्यूपूर्वीच्या काळात ती कोणत्या भागांत हिंडली असावी याचा आराखडा युटा येथील शास्त्रज्ञांनी तयार केला. शोध त्या भागांकडे वळला, आणि २०१२ साली डीएनए जुळून तिची ओळख पटली.

२००१ साली लंडनच्या थेम्स नदीत एका लहान मुलाचे धड सापडले. हाडांतील स्ट्रॉन्शियमने प्राचीन खडकांच्या प्रदेशाकडे बोट दाखवले. तपास पथकाने नायजेरियात जाऊन खडक, माती आणि हाडे यांचे नमुने गोळा केले, आणि शोध त्या देशाच्या नैऋत्य भागातील एका पट्ट्यापर्यंत आला. पण त्या मुलाचे खरे नाव आजही निश्चित झालेले नाही. चाचणी चुकली नव्हती. तिचे काम तिथेच संपत होते; पुढचा शेवटचा दुवा माणसांनी द्यायचा होता, तो मिळाला नाही.

सावधगिरी कुठे?

पहिली गोष्ट, ‘हे मूल्य अमुक गावाचे’ असे कधीच म्हणता येत नाही. एकसारखा खडक आणि एकसारखा पाऊस अनेक ठिकाणी असतो. ‘इथला नाही’ हे समस्थानिक बऱ्याच खात्रीने सांगतात. ‘तिथलाच आहे’ हे क्वचितच.

दुसरी गोष्ट, आजचे ताट गावातलेच असेल असे नाही. रेशनचा तांदूळ-गहू दुसऱ्या राज्यातून येतो. चहातली साखर उसाची, म्हणजे सी-४. ब्रॉयलर कोंबडीला मका खायला घालतात; म्हणून ज्वारीचा दाणाही न खाणाऱ्या कोकणी माणसाच्या शरीरात सी-४ कार्बन येतोच. पाणी बाटलीबंद असते, खत कारखान्यातले असते. खुणा त्यामुळे पुसट होतात, पण पुऱ्या जात नाहीत.

तिसरी गोष्ट जमिनीची आणि पाण्याची. पुरलेले किंवा समुद्रात पडलेले सच्छिद्र हाड भोवतालचे क्षार शोषून घेते, आणि मग आपण माणसाऐवजी जागाच मोजून बसतो. एनॅमल घट्ट असल्याने अधिक विश्वासार्ह. आपल्याकडे दहनाची प्रथा आहे, म्हणून हेही सांगायला हवे, की पूर्ण जळून पांढऱ्या झालेल्या हाडांत डीएनए टिकत नाही, कार्बन-ऑक्सिजनची खूण बिघडते, पण स्ट्रॉन्शियमची खूण टिकू शकते. इंग्लंडातील स्टोनहेंज येथे दहन केलेल्या २५ व्यक्तींच्या अस्थींवर २०१८ साली असाच अभ्यास झाला, आणि त्यांतील १० जण त्या परिसरात राहिलेले नव्हते असे दिसले.

चौथी गोष्ट विज्ञानाइतकीच समाजाची. अनोळखी मृतदेह सापडला, की गावात तर्क सुरू होतात: हा अमक्या जातीचा, तमक्या धर्माचा, बाहेरचा. समस्थानिकांना जात, धर्म, भाषा यांतले काहीच दिसत नाही. त्यांना दिसतो खडक, पाऊस आणि ताट. एकाच विहिरीचे पाणी पिऊन आणि एकाच मळ्याचा भात खाऊन वाढलेली दोन मुले मास स्पेक्ट्रोमीटरला सारखीच.

उणीव नकाशाची

अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा, हैदराबादची भूभौतिकी संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था, बंगळूरचे भारतीय विज्ञान संस्थान, पुण्याची उष्णप्रदेशीय मौसमविज्ञान संस्था अशा ठिकाणी समस्थानिक मोजण्याची उत्तम सोय आहे. पण अकस्मात मृत्यूच्या नेहमीच्या तपासात ही चाचणी आपल्याकडे रुळलेली नाही. खरी अडचण यंत्राची नाही, तुलनेची आहे. दाढेचे मूल्य हाती आले, तरी ते कोणत्या भागाशी जुळते हे पाहायला नकाशा हवा. पावसाच्या आणि भूजलाच्या समस्थानिकांची देशव्यापी मोजणी अहमदाबादच्या प्रयोगशाळेच्या पुढाकाराने झाली आहे. स्ट्रॉन्शियमसाठी मात्र तालुक्या-तालुक्याची माती, झाडपाला, गोगलगाईंचे शंख, उंदरांचे दात असे नमुने गोळा करावे लागतील. बेवारस मृत आणि बेपत्ता व्यक्ती यांच्या डीएनए-सूचीची तरतूद असलेले विधेयक २०१९ साली लोकसभेत आले होते. ते २०२३ साली मागे घेण्यात आले. म्हणजे एकीकडे शोधाची दिशा दाखवणारा नकाशा अपुरा, आणि दुसरीकडे शेवटची गाठ मारणारी सूची नाही.

नमुने गोळा करण्यात शाळांचा वाटा असू शकतो. पावसाचे पाणी घट्ट बुचाच्या बाटलीत, हवा न राहील असे काठोकाठ भरून, तारीख-ठिकाण लिहून ठेवणे नववीच्या मुलांना जमेल. काठोकाठ का? बाटलीतल्या मोकळ्या जागेत पाण्याचे बाष्प होते आणि उरलेले पाणी जड होते. हे ज्या विद्यार्थ्याला स्वतःहून सुचेल, त्याला समस्थानिक समजले असे समजावे.

वर्गात करून पाहा

१. सी-३ आहाराचे कोलॅजेन उणे २२ आणि सी-४ आहाराचे उणे ७ धरा. एका व्यक्तीचे मूल्य उणे १९ आले. तिच्या आहारात सी-४ चा वाटा किती? (उत्तर: एक पंचमांश.) आता विचारा: ही व्यक्ती किनाऱ्यावरची असेल, तर हेच उत्तर बरोबर ठरेल का? आणखी कोणती माहिती हवी?

२. प्रत्येकाने आठवड्याभराच्या जेवणाची यादी करून पदार्थांचे सी-३ आणि सी-४ असे दोन गट पाडावेत. साखर, गूळ आणि कोंबडी कोणत्या गटात टाकाल?

३. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या नकाशावर सह्याद्रीचा बेसॉल्ट, सखल भागातील जुने खडक आणि किनारपट्टी असे तीन रंग भरा. आपले गाव, आजोळ आणि मुंबईत राहणाऱ्या नातेवाइकाचे घर दाखवा. आजोळी जन्मून, गावात शाळा शिकून, मुंबईत दहा वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या पहिल्या दाढेत, अक्कलदाढेत आणि बरगडीत कोणत्या रंगाची खूण मिळेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मुलांच्या एक गोष्ट ध्यानात येईल. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घरातले कुणी ना कुणी पोटासाठी दूर गेलेले आहे, आणि दूरचे कुणीतरी पोटासाठी कोकणात आलेले आहे. अशा माणसांपैकी एखादा वाटेत अनामिक झाला, तर त्याला त्याच्या घराकडे परत नेण्याची एक वाट या विज्ञानातून जाते. ती वाट वापरात आणण्यासाठी आधी आपल्या खडकांचा आणि पाण्याचा नकाशा पुरा करायला हवा.